बिडाच्या ब्लॉकला घातलेले टाके : शिवाजी उद्यमनगरातील एका दुरुस्तीचा लेखाजोखा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याने माझ्या जीपच्या तडकलेल्या इंजिन ब्लॉकची (ज्यात सिलिंडर असतात त्या बिडाच्या मुख्य ओतीव भागाची) दुरुस्ती केली, त्याला आता चौदा महिने झाले असून या काळात गाडी सुमारे ३,१०० किलोमीटर चालली आहे. एवढा काळ गेल्याशिवाय अशा कामाविषयी लिहिण्यात अर्थ नसतो, कारण बिडाचे जोडकाम पहिल्या दिवशी सर्वांचेच चांगले दिसते. शंभर वेळा तापून निवल्यावर त्याची काय अवस्था होते, हे पाहावे लागते. कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. तशी विनंती मालकांनीच केली, कारण हातातली कामे वेळेत उरकत नसताना आणखी गिऱ्हाईक नको, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांच्या वेळापत्रकाचा अनुभव घेतल्यानंतर मला ते पूर्णपणे पटले. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी उद्यमनगरात ‘बिडाला टाके घालणारे मिस्त्री’ अशी चौकशी केली तर कोपऱ्यावरचा चहावालाही बोट दाखवील.

गाडी १९६४ सालची, माझ्या वडिलांनी घेतलेली महिंद्रा जीप, सीजे-३बी. तिच्यात विलीज या मूळच्या अमेरिकी जीप-कंपनीने १९५० साली आणलेल्या ‘हरिकेन’ जातीचे चार सिलिंडरचे, २,१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन आहे. या इंजिनाची रचना जरा निराळी असून तिच्यात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणात) आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतो. वरच्या व्हॉल्व्हमुळे इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ साली या मॉडेलचे बॉनेट उंच करावे लागले, आणि आज रस्त्यावर ही जीप लांबूनही ओळखू येते ती त्या फुगलेल्या नाकामुळेच. हे सांगण्याचे कारण असे की धुराचा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे ब्लॉकचा तो भाग अतिशय तापतो, त्या व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह मिटताना जिच्यावर टेकतो ती कडी) आणि शेजारच्या सिलिंडरचा बोअर (पिस्टन फिरतो ती पोकळी) यांच्यामध्ये बिडाची भिंत पातळ असते, आणि पुढे आमच्या दुरुस्तीत अवघड ठरली ती नेमकी तीच जागा.

तडा कसा गेला, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. मे महिन्यात साखरप्याहून आंबा घाट चढताना फॅन बेल्ट सैल होऊन गाडी उकळली. चालवत होता माझा पुतण्या. त्याने इंजिन बंद केले, रेडिएटरचे झाकण फडके धरून उघडले, आणि दहा मिनिटेही न थांबता प्लास्टिकच्या कॅनमधले गार पाणी आत ओतले. ‘खट्’ असा एकच आवाज आला, आणि काही क्षणांनी डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूने ब्लॉकच्या अंगावरून पाण्याची धार खाली उतरू लागली. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये, हे आमच्या घरातल्या कोणत्याही बाईला कोणी शिकवावे लागले नव्हते. तेच बीड बॉनेटखाली गेले की मात्र माणसे विसरतात. पुतण्याला दोष देऊनही उपयोग नव्हता, कारण निघण्यापूर्वी बेल्टचा ताण तपासण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नव्हते.

बिडाचा हा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. पोलादात कार्बनचे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही खाली असते. करड्या बिडात ते साधारण तीन ते साडेतीन टक्के असते, आणि त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूमध्ये पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला सोपे, कापायला सोपे, कंप गिळणारे आणि घासूनही टिकणारे बनते. इंजिनाच्या ब्लॉकसाठी शंभर वर्षे तेच वापरले गेले ते उगाच नव्हे. पण प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच कापून ठेवलेली एक बारीक फट असते. दाबाखाली बीड भक्कम उभे राहते, ओढले की मात्र न ताणता थेट तुटते. तापलेल्या भिंतीचा एक पृष्ठभाग अचानक गार होऊन आकसला आणि बाकीचा जाडपणा फुगलेलाच राहिला, तर त्या आकसणाऱ्या भागावर ओढच पडते, आणि आमच्या ब्लॉकमध्ये हेच घडले.

घरी आल्यावर मी पहिली चूक केली ती वेल्डिंगची. आमच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याने, ज्याच्याकडे आम्ही वीस वर्षे जात आहोत, ब्लॉक गाडीतच ठेवून साध्या आर्क रॉडने साडेचार इंचांचा तडा एका दमात भरून काढला. काम संपवून आम्ही चहा घेत असताना बॉनेटखालून ‘टिक्, टिक्’ असा आवाज येत होता. गॅरेजवाला म्हणाला, “निवतंय ते.” ते खरेच होते, पण निवताना ते फाटतही होते. वेल्डिंगचा वितळलेला धातू थंड होताना आकसतो. पोलादी पत्रा अशा वेळी थोडा ताणला जाऊन ती ओढ सोसतो, बिडाला तेवढे ताणले जाता येत नाही. शिवाय वेल्डच्या काठावरचे बीड क्षणात वितळून क्षणात गार झाल्यामुळे त्यातला कार्बन ग्राफाइटच्या रूपात वेगळा व्हायला वेळच मिळत नाही, आणि तेथे पांढऱ्या बिडाची काचेसारखी कडक, ठिसूळ कड तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डला समांतर असा एक नवा तडा दिसला. लांबी आता साडेसात इंच, म्हणजे १९० मिलिमीटर झाली होती.

बिडाला वेल्डिंग होतच नाही, असे मात्र म्हणू नये. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी इंजिनांचे प्रचंड बिडाचे सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते, जेणेकरून जहाजे जप्त झाली तरी दीर्घ काळ चालू नयेत. अमेरिकी नौदलाने नवे सिलिंडर ओतत बसण्याऐवजी त्यांतले बरेचसे विजेच्या वेल्डिंगने जोडले आणि जहाजे काही महिन्यांत समुद्रात उतरवली. वेल्डिंगच्या धंद्याला प्रतिष्ठा मिळाली ती बऱ्याच अंशी या कामामुळे. आजही योग्य पद्धतीने ते होते. एक मार्ग म्हणजे निकेलचा रॉड घेऊन इंच-इंचाचे छोटे टाके मारायचे, प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने ठोकून त्याची ओढ मोडायची, आणि हात ठेवता येईल इतके निवल्याशिवाय पुढचा टाका घालायचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे अख्खा ब्लॉक भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत लालसर तापवून बिडाच्याच कांडीने गॅस वेल्डिंग करायचे आणि मग राखेत किंवा वाळूत पुरून दीड-दोन दिवस सावकाश निववायचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने हा दुसरा मार्ग सुचवला होता. तो उत्तम आहे, पण एवढ्या उष्णतेनंतर ब्लॉक थोडा वाकतोच, म्हणजे वरचा चेहरा, बोअर आणि क्रँकच्या बेअरिंगची रांग हे सगळे पुन्हा मशीनिंग करावे लागते, आणि साठ वर्षांच्या जुन्या ब्लॉकमध्ये काढून टाकायला तेवढा माल शिल्लक आहे की नाही, हीच शंका होती.

उरलेले सल्ले नेहमीचेच होते. दोन पुड्यांचा ईपॉक्सी लावा, रेडिएटरमध्ये पाझर बुजवणारे द्रव टाका, किंवा “सर, ते पेट्रोल इंजिन भंगारात द्या आणि प्यूजो डिझेल बसवा, ॲव्हरेज तरी मिळेल.” ईपॉक्सी वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरांभोवती पाणी खेळते त्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीवर, जेथे दाब कमी आणि तापमान बेताचे असते, तेथे काही काळ टिकतो हे खरे आहे, पण तो तड्याला पुढे जाण्यापासून थांबवत नाही. दुसरा ब्लॉक मला जुन्या मालाच्या बाजारात २२,००० रुपयांना सांगितला गेला. त्याच्या व्हॉल्व्ह सीटजवळ तडा नसेल याची हमी विक्रेता देत नव्हता, आणि ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, तो आरसी बुकात चढवण्यासाठी आरटीओच्या खेपा घालाव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात, आणि मला तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करायचा नव्हता.

अशा रीतीने आम्ही इंजिन उतरवून, पूर्ण खोलून, रिकामा ब्लॉक टेम्पोत घालून उद्यमनगरात आलो. कारखाना म्हणजे पंधरा बाय तीसचा पत्र्याचा गाळा असून आत एक रेडियल ड्रिल, एक बोअरिंग मशीन आणि गरम पाण्याची एक मोठी टाकी आहे, आणि दारातच पवनचक्कीच्या गिअरबॉक्सपासून उसाच्या चरकाच्या बाजूपर्यंत हरतऱ्हेचे तुटके बीड रांगेत पडलेले असते. मिस्त्रींचे वय साठीच्या पुढचे. त्यांनी ब्लॉककडे पाहिले, वेल्डवरून नख फिरवले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “सर, ह्यो वेल्डिंगचा माल आधी काढायला लागंल. आन् तडा कुठं संपतोय त्ये कळल्याबिगर मी रेट सांगत न्हाई.” मला हा कारखाना पसंत पडला तो या दुसऱ्या वाक्यामुळे. याआधी ज्या दोन ठिकाणी मी चौकशी केली होती, तेथे फोनवरच्या फोटोवरून दोन मिनिटांत भाव सांगण्यात आला होता.

तडा संपतो कोठे, हे शोधण्यात त्यांनी पूर्ण दोन दिवस घालवले, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. प्रथम ब्लॉक कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात टाकून साठ वर्षांचे तेल, गंज आणि रंग काढला गेला. त्यानंतर तड्याच्या परिसरात लाल रंगाचे पातळ द्रव फवारले, वीस मिनिटांनी ते कापडाने स्वच्छ पुसले, आणि वरून पांढऱ्या पावडरीचा थर दिला. मी स्टुलावर बसून पाहत होतो. पांढऱ्या थरावर आधी काहीच नव्हते. मग जखमेवरच्या कापसातून रक्त यावे तशी एक लाल रेघ हळूहळू उमटली, माझ्या डोळ्यांना जेथे तडा संपलेला वाटत होता तेथून पुढे सरकली, आणि एका बोल्टच्या भोकाला वळसा घालून आणखी २२ मिलिमीटरवर थांबली. एकूण लांबी २१२ मिलिमीटर भरली. वेल्डिंग करणाऱ्याने त्याच्या परीने प्रामाणिकपणे केलेले काम हे टोक मोकळे ठेवूनच केले होते, आणि ते मोकळे राहिले असते तर कोणतीही दुरुस्ती फार टिकली नसती. तीच तपासणी आत केली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या धुराच्या व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्यामध्ये १४ मिलिमीटरचा दुसरा तडा सापडला, ज्याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

टाके घालण्याच्या या पद्धतीत, जिला कारखान्यात ‘स्टिचिंग’ असेच म्हणतात, उष्णता अजिबात वापरली जात नाही. अमेरिकेत टेक्सासच्या तेलक्षेत्रांत १९३०च्या दशकात तिचा उगम झाला, कारण जेथे हवेत गॅस असतो तेथे ठिणगी पाडून वेल्डिंग करणे म्हणजे आगीला आवतण देण्यासारखे होते. नंतर जहाजांची अवजड इंजिने, प्रेसच्या चौकटी आणि पंपांची बॉडी जोडण्यासाठी ती जगभर वापरली गेली. दोन वस्तूंचा तिच्यात उपयोग होतो: तड्याला आडवी बसणारी लॉके, आणि तड्याच्या रेषेतूनच एकापुढे एक जाणाऱ्या आट्यांच्या पिना. लॉके ओढ सोसतात, पिना पाणी अडवतात, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

वेल्डचा थर ग्राइंडरने काढताना जो त्रास झाला तो पाहून मला माझ्याच घाईची लाज वाटली. पांढऱ्या बिडाच्या कडेवर साधे ड्रिल नुसते गुळगुळीत फिरत राहिले आणि तिसऱ्या प्रयत्नात मोडले. शेवटी कार्बाइडच्या बिटाने तो सबंध पट्टा काढावा लागला. त्यानंतर तड्याच्या दोन्ही टोकांना ६ मिलिमीटरची भोके पाडण्यात आली, जेणेकरून तड्याच्या तीक्ष्ण टोकावर एकवटणारा ताण भोकाच्या गोलाईवर पसरावा. मग जिग (ड्रिल ठरल्या जागी धरणारा साचा) लावून तड्याला काटकोनात शेजारी-शेजारी भोकांच्या रांगा पाडल्या, मधला माल छिन्नीने काढून मण्यांच्या माळेसारखी खाच तयार केली, आणि तिच्यात निकेलच्या मिश्रधातूची तशाच आकाराची पातळ पट्टी, एकावर एक असे थर, हवेच्या पंचाने ठोकून बसवली. अशी सहा लॉके, साधारण ३५ मिलिमीटरच्या अंतराने. भिंत केवळ साडेपाच मिलिमीटर जाड असल्यामुळे प्रत्येक थरानंतर मिस्त्री मागच्या बाजूने बोट घालून पाहत, की आतून बीड फुगले तर नाही ना.

पिनांचे काम अधिक चिकाटीचे. तड्याच्या रेषेवर आधी थोडी-थोडी जागा सोडून भोके पाडायची, टॅप मारून आटे पाडायचे, आट्यांना सीलंट लावून पीन घट्ट आवळायची. ठरावीक जोर झाला की पिनेचे डोके आपोआप तुटून येते. मग सोडलेल्या जागांत दोन्ही शेजारच्या पिनांना थोडे-थोडे कापत दुसरी भोके पाडायची आणि त्यांत पुन्हा पिना. अशा रीतीने शेवटी तडा असा उरतच नाही. त्याच्या जागी एकमेकींत अडकलेल्या पिनांची सलग माळ तयार होते. कॅलिफोर्नियातल्या लॉक-एन-स्टिच या कंपनीने या पिनांच्या आट्यांना आकड्यासारखा आकार दिला आहे, त्यामुळे आवळताना पीन भोकाच्या कडा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढते. पातळ भिंतीसाठी हा फरक मोठा आहे, कारण साध्या आट्याची पीन जास्त आवळली तर ती पाचरीसारखे काम करून तडा उघडते. मिस्त्रींनी मला दोन्ही प्रकारच्या पिना हातात देऊन आटे दाखवले आणि आकड्याच्या पिना महाग पडतील असे स्पष्ट सांगितले. मी त्याच घेतल्या. एकूण ४७ लागल्या. सगळ्या ठोकून, ग्राइंड करून, वर हलका हातोडा मारून झाल्यावर त्या जागेवर नख फिरवले असता काहीही लागत नव्हते. फक्त उजेडाच्या एका विशिष्ट कोनात निकेलची लॉके फुलपाखरांसारखी चमकत होती.

व्हॉल्व्ह सीटजवळच्या तड्याविषयी त्यांनी जे सांगितले ते मी शब्दशः लिहून ठेवले होते: “बाहेरच्या कामाची ग्यारंटी देतो. सीटच्या कामाची देत न्हाई. तिथं आग हाय.” त्यांनी जुनी सीट काढली, बारीक पिनांनी तडा भरला, तिसऱ्या सिलिंडरला कोरडी स्लीव्ह (पाण्याला न लागणारी आतली नळी) घातली, जेणेकरून बोअरच्या बाजूने तडा झाकला जावा, आणि वर नवी सीट दाबून बसवली, म्हणजे एका बाजूने स्लीव्ह आणि दुसऱ्या बाजूने सीट अशा दोन्हींनी ती पातळ भिंत मध्ये धरून ठेवली. जेथे खात्री नाही तेथे तसे सांगणारा कारागीर हल्ली दुर्मीळ झाला आहे, आणि मला वाटते की त्या नकारामुळेच त्यांच्या होकारावर माझा विश्वास बसला.

दाबाची चाचणी माझ्या उपस्थितीत झाली. पाण्याच्या सगळ्या वाटा, डमींच्या (ब्लॉकच्या ओतकामातली भोके बुजवणाऱ्या झाकणांच्या) जागांसह, रबर आणि पोलादी पट्ट्यांनी बंद केल्या, वॉटर जॅकेटमध्ये ३ बार दाबाची हवा भरली आणि ब्लॉक गरम पाण्याच्या टाकीत उतरवला. पाणी गरम लागते, कारण थंड ब्लॉकमध्ये न दिसणारी गळती बीड फुगल्यावर दिसते. दहाव्या मिनिटाला एकतिसाव्या पिनेपाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. मिस्त्रींनी कोणालाही न रागावता ब्लॉक वर काढला, ती पीन कापून तिच्या जागी एक माप मोठी पीन घातली, आणि दुसऱ्या चाचणीत अर्धा तास पाणी निश्चल राहिले. बिडाची दुरुस्ती करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी स्वतः पाहावी, असा माझा आग्रह राहील. जो कारखाना ती दाखवायला टाळाटाळ करतो, तेथून ब्लॉक उचलून आणावा.

खर्चाचा तपशील असा होता: बाहेरच्या तड्याचे काम १६,००० रुपये, जुने वेल्डिंग काढण्याचे ३,५०० रुपये, सीट आणि स्लीव्हचे ७,८०० रुपये, धुणे आणि चाचण्या २,००० रुपये, म्हणजे २९,३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३४,५७४ रुपये. पैकी साडेतीन हजार हा सरळसरळ माझ्या उतावळेपणाचा दंड होता. ही रक्कम जुन्या बाजारातल्या ब्लॉकपेक्षा जास्त आहे, हे मला मान्य आहे, आणि ज्याची गाडी रोज मालवाहतुकीला जुंपलेली आहे, किंवा ज्याच्या इंजिनाचे ब्लॉक सहज मिळतात, त्याला मी हा मार्ग सुचवणार नाही. ज्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही, किंवा ज्याचा नंबर जपायचा आहे, तेथेच हा हिशेब बसतो. तुकडा निखळून हरवला असेल तर तेवढ्या भागाचे नवे ओतकाम करून ते जोडावे लागते, आणि त्याचा खर्च वेगळाच असतो.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. बारा दिवसांचे आश्वासन होते, लागले एकोणतीस. मधल्या काळात फोन उचलला जात नव्हता, आणि उचलला तर “ड्रिलवर हाय बघा” एवढेच उत्तर मिळे, जे मी प्रत्यक्ष गेलो तेव्हा एकदा तरी खरे नव्हते. ब्लॉक कोपऱ्यात होता आणि ड्रिलवर कोणत्यातरी साखर कारखान्याचे हाउसिंग चढलेले होते. साखर कारखान्याचे काम आधी होणार हे मी समजू शकतो, पण तसे सांगावे. दुसरे म्हणजे, कामाची कोणतीही लेखी नोंद दिली गेली नाही. किती पिना, कोणत्या मापाच्या, चाचणीचा दाब किती, ग्यारंटी किती महिन्यांची, हे सगळे तोंडी. बिलावर फक्त ‘ब्लॉक रिपेअर’ असे लिहिले होते. मी स्वतः फोटो काढले आणि मोजदाद केली म्हणून हे लिहू शकलो, नाही तर उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवायला माझ्यापाशी काहीच नसते. तिसरी तक्रार जराशी चमत्कारिक वाटेल: ब्लॉक ताब्यात देण्यापूर्वी त्यांनी न विचारता त्याला चकचकीत हिरवा रंग मारला. जोडकामावर रंग असणे मला पसंत नाही, कारण पहिला पाझर रंगाखाली लपतो. घरी आणून मी तेवढा भाग थिनरने पुन्हा उघडा केला.

इंजिन जोडताना मी साधे पाणी बंद करून गंजरोधक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण घातले, थर्मोस्टॅट नवा बसवला, आणि पुतण्याला डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याविषयी एक छोटेसे व्याख्यान दिले. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळले. सातव्या महिन्यात, नेमका उघड्या ठेवलेल्या भागावर, बोल्टच्या भोकाजवळच्या शेवटच्या पिनेपाशी तांदळाच्या दाण्याएवढा हिरवट पांढरा डाग दिसला. म्हणजे कूलंट तेथून येऊन सुकत होते. मी फोटो पाठवला. या वेळी फोन दुसऱ्याच दिवशी आला. इंजिन उतरवण्याची गरज नाही, डिस्ट्रिब्यूटर काढून ठेवा, मी येतो, असे मिस्त्री म्हणाले, आणि रविवारी सकाळी पोराला मोटारसायकलवर मागे बसवून, पिशवीत हॅंड ड्रिल आणि टॅपचा संच घेऊन ते खरोखरच आले. एक जास्तीची पीन बसली, पाऊण तास लागला, आणि पेट्रोलचेही पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यानंतर आंबा घाट दोनदा चढून झाला आहे. डाग पुन्हा आलेला नाही. व्हॉल्व्ह सीटचे काम, ज्याची त्यांनी ग्यारंटी दिली नव्हती, तेही अजून टिकून आहे, आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाब किती धरला जातो ते) मी दर तीन महिन्यांनी मोजून वहीत लिहितो.